खळ्यावरचं आभाळ: नोव्हेंबर ते जूनच्या प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

भाऊबीज. दुकान बंद, म्हणून ही वही उघडली.

खरं कारण ऑक्टोबरातलं आहे. सूर्य मावळल्यावर पश्चिमेला धूमकेतू दिसतोय अशी बातमी होती. गल्लीतली पोरं दुकानात आली. "भाऊ, शेपटीवाला तारा कोठे दखास?" ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या माणसाला हे का विचारावं, तर माझ्याकडे दुर्बीण आहे. लग्नाच्या आधी हौसेनं घेतलेली, १० बाय ५०. दोन संध्याकाळी ढग होते. तिसऱ्या दिवशी आभाळ निवळलं आणि मी छाती काढून पश्चिमेचा सगळ्यात ठळक ठिपका दाखवला. पोरांनी आळीपाळीनं दुर्बीण लावून पाहिलं, खूश होऊन घरी गेली. रात्री जेवताना लक्षात आलं की तो शुक्र होता. शेपूट कोणालाच दिसली नव्हती, पण भाऊनं सांगितलं म्हणून सगळ्यांनी मान डोलावली होती.

तर हा प्रकल्प आधी माझ्यासाठी आणि मग पोरांसाठी. दर शनिवारी संध्याकाळी, गावाबाहेरच्या आमच्या खळ्यावर. चौकात हायमास्ट लागल्यापासून गच्चीवरून चांदण्या मोजून वीस दिसतात. खळं अंधारात आहे, उत्तरेला केळीची बाग आणि तिच्या पलीकडे सातपुडा. आमच्या चोपड्याकडची (जळगाव जिल्हा) हीच एक सोय: उत्तर कुठे, हे कोणाला विचारावं लागत नाही.

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

अकरा पोरं आली. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद दुहेरी लावला होता, कारण पांढऱ्या उजेडानं डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं जातात. ही तयारी बरोबर होती. बाकी सगळं चुकलं.

"आधी सप्तर्षी शोधा, त्यावरून ध्रुव" हे मी लहानपणापासून ऐकलेलं. उत्तरेकडे तोंड करून आम्ही अर्धा तास सप्तर्षी शोधले. नाहीत. लंबूला (सातवी, उंची माझ्याएवढी) केळीच्या पानांमागे ते लपलेत असं वाटलं आणि तो बांधावर चढून आला. एका पोराला नुसत्या चार चांदण्यांत ते दिसले पण. सात वाजून गेल्यावर मच्छर सुरू झाले आणि सात जण पळाले.

घरी येऊन कागदावर मांडलं तेव्हा कळलं. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम २१ अंशांवर. सप्तर्षी त्याच्याभोवती फिरताना खाली गेले की सरळ क्षितिजाखाली बुडतात. नोव्हेंबरच्या संध्याकाळी ते नेमके तिथे असतात. पार उत्तरेकडच्या देशांत ते कधीच मावळत नाहीत, तिथल्यांनी ही युक्ती बारमाही म्हणून सांगितली तर त्यांचं बरोबर. आपण ती जशीच्या तशी उचलली. हिवाळ्यात आपली वाट शर्मिष्ठेवरून: ईशान्येला उंचावर पाच ताऱ्यांचा वाकडातिकडा इंग्रजी डब्ल्यू. त्याचं मधलं टोक साधारण ध्रुवाकडे बोट दाखवतं. जे चार जण टिकले होते त्यांना पुढच्या वेळी हे दाखवायचं.

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार

काल त्रिपुरी पौर्णिमा होती, म्हणजे चांदण्यांसाठी वाईट दिवस. तरी बोलावलं. चंद्र उगवून वर आला तेव्हा बारकीला (पाचवी, सगळ्यात धाकटी) सांगितलं, अंगठ्यानं चंद्र झाक आणि आजूबाजूला बघ. तिला वरच्या बाजूला धूसर पुंजका दिसला. दुर्बीण दिली. "भाऊ, मुठभर पडेल शेतस!" कृत्तिका.

मग मी विचारलं, हा महिना कोणता? कार्तिक. पुंजक्याचं नाव? कृत्तिका. दोन मिनिटं कोणी बोललं नाही आणि मग चष्मिस ओरडला. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास, त्याच्यावरून महिन्याचं नाव. मार्गशीर्ष मृगशीर्षावरून, पौष पुष्यावरून, माघ मघेवरून, चैत्र चित्रेवरून. भिंतीवरचं कॅलेंडर म्हणजे आभाळाचाच पत्ता, हे मला स्वतःला चाळिशीत कळावं याची थोडी लाज वाटली.

उजेडाची रात्र फुकट घालवायची नाही, एवढं शिकलो.

२३ नोव्हेंबर २०२४, शनिवार

विधानसभेचा निकाल. गावभर फटाके, धूर, गुलाल. आभाळ दिसलं नाही. दुकानातच बसून ध्रुवाची उंची मोजायचं यंत्र केलं: कंपासपेटीतला कोनमापक, त्याच्या सपाट कडेला नळी, मधल्या भोकातून दोरा, दोऱ्याला नट.

नळी म्हणून आधी १६ मिलीमीटरची लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, लावली, दुकानात तिची काय कमी. पण लॅटरल बंडलात गुंडाळून येते आणि तिचा वाक जन्मभर जात नाही. तिच्यातून बघितलं की पलीकडे आभाळाऐवजी नळीची भिंत. शेवटी वायरिंगचा पीव्हीसी पाईप, एक वीत लांब. सहा यंत्रं केली.

३० नोव्हेंबर २०२४, शनिवार

अमावस्या तोंडावर, हवा कोरडी. आतापर्यंतची सगळ्यात चांगली रात्र, आणि सगळ्यात जास्त गोंधळ.

इंटरनेटवरून फिरता नकाशा छापून आणला होता. खाली तारखांची चकती, वर खिडकी कापलेला कागद, तारीख आणि वेळ जुळवली की त्या क्षणीचं आभाळ. पहिली तक्रार लंबूची: "यात पूर्व डाव्या हाताला आहे." खरंच. मास्तरांच्या भिंतीवरच्या नकाशात पूर्व उजवीकडे असते. मी समजावत बसलो, कोणाला पटेना. बारकीनं नकाशा माझ्या हातातून घेतला, खळ्यावर उताणी झोपली आणि नकाशा तोंडावर धरला. उत्तर सातपुड्याकडे केली. आता पूर्व बरोबर पूर्वेला. जमिनीचा नकाशा आपण वरून बघतो, आभाळाचा खालून. नंतर सगळेच झोपून बघायला लागले. गोणपाट आणायला हवेत, पाठीला दगड टोचतात.

दुसरी तक्रार मोठी. पूर्वेला कृत्तिकांच्या खाली लालसर रोहिणी, आणि रोहिणीच्या शेजारी तिच्याहून कितीतरी तेजस्वी एक तारा. चष्मिसनं तीनदा तपासलं. "भाऊ, नकाशामा हाऊ तारा नही शे. नकाशा खोटा."

मला उत्तर ठाऊक होतं, पण दिलं नाही. त्याला म्हटलं, नसेल तर तूच काढ, पेन्सिलीनं, तारीख घालून. रोहिणीपासून किती लांब ते मोजून. मोजायचं माप प्रत्येकाच्या खांद्याला लटकलेलं: हात पूर्ण लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश, मधली तीन बोटं ५, करंगळी १. पोराची मूठ लहान, पण हातही आखूड, त्यामुळे हिशेब जुळतो. त्याला पाऊण मूठ अंतर आलं. लिहून ठेवलं.

नऊच्या सुमारास मृग पुरता वर आला. छापील चित्रात मृगाचे मधले तीन तारे तिरके असतात, इथे ते जवळजवळ उभे, एकावर एक, विहिरीच्या पायऱ्यांसारखे. मृग आपल्याकडे कुशीवर झोपलेला उगवतो. हेही कोणी सांगत नाही.

१ डिसेंबर २०२४, रविवार

काल यंत्रं काढायची राहिली होती, म्हणून आजही जमलो. शर्मिष्ठेवरून ध्रुव आता बारकीसुद्धा शोधते. तो फारसा तेजस्वी नाही, हे ऐकून प्रत्येकाची निराशा होते. ध्रुवबाळाच्या गोष्टीमुळे पोरांना तो सगळ्यात मोठा हवा असतो.

नळीतून ध्रुव पकडायचा, दोरा स्थिर झाला की जोडीदारानं बोटानं दाबून धरायचा, मग लाल उजेडात आकडा वाचायचा. नळी वर जाते तसा दोरा नव्वदच्या खुणेपासून सरकतो, जेवढा सरकला तेवढी उंची. सहा आकडे आले: १७, २४, २०, २२, २१, २६. लंबू सतरावाल्याला हसला. मी म्हटलं कोणाचा आकडा फेकायचा नाही, सगळ्यांची सरासरी काढा. एकवीस पूर्णांक सहासष्ट.

चोपड्याचा अक्षांश सव्वाएकवीस. ध्रुवाची उंची म्हणजे आपला अक्षांश, भूगोलात पाठ केलेलं वाक्य एका नटानं आणि दोऱ्यानं खरं केलं. फरक चार दशांश अंशाचा. एक अंश म्हणजे जमिनीवर १११ किलोमीटर, त्या हिशेबानं आम्ही आमचं गाव ४५ किलोमीटर उत्तरेला नेऊन ठेवलं. "म्हणजे सातपुडा ओलांडून मध्य प्रदेशात!" पोरं खदाखदा हसली.

रात्री उशिरा भर: ध्रुव नेमक्या फिरण्याच्या बिंदूवर नाही, त्यापासून सुमारे दोन-तृतीयांश अंश दूर आहे, आणि आज त्या वेळी तो बिंदूच्या वरच्या बाजूला होता. म्हणजे त्याची उंची खरोखरच अक्षांशापेक्षा थोडी जास्त होती. मध्य प्रदेशातून परत आलो.

१४ डिसेंबर २०२४, शनिवार

थंडी. मिथुनेतला उल्कावर्षाव याच दिवसांत असतो, पण उद्या पौर्णिमा, एवढ्या उजेडात पोरांना जागं ठेवण्यात अर्थ नाही. शेकोटी पेटवली, भुईमुगाच्या शेंगा भाजल्या. शेकोटीकडे बघितलं की डोळ्यांचं सगळं मुसळ केरात, म्हणून एरवी तिला बंदी आहे.

२८ डिसेंबर २०२४, शनिवार

आजची नोंद लांबणार.

मृग आता चांगला वर. त्यातला काक्षी तारा लालसर, राजन्य निळसर पांढरा, मधले तीन तारे म्हणजे व्याधानं मारलेला बाण, त्या तिघांची रेष खाली वाढवली की व्याध. हे सगळं एका दमात सांगून झालं आणि बारकीनं विचारलं, "भाऊ, मृग ते पावसाळामा लागस ना?"

बरोबर आहे की. आमच्या घरात मृग, आर्द्रा, हस्त ही नावं चांदण्यांची नाहीतच, पावसाची आहेत. मृग लागला की कापूस, ज्वारीच्या पेरणीची गडबड. आबा तर "मृग कोरडा गेला" असं एखाद्या भावकीतल्या माणसानं दगा दिल्यासारखं बोलतात. मग तो जूनचा मृग डिसेंबरात रात्रभर डोक्यावर काय करतोय?

मी बोलून समजावण्याच्या फंदात पडलो नाही. खळ्याच्या शेडमध्ये मधोमध बल्ब टांगला, हा सूर्य. पूर्वेच्या भिंतीवर खडूनं मृग काढला, समोर पश्चिमेच्या भिंतीवर विंचू. बारकीचं डोकं ही पृथ्वी. बल्बाकडे तोंड म्हणजे दिवस, पाठ म्हणजे रात्र. तिला आधी बल्ब आणि मृगाची भिंत यांच्या मध्ये उभं केलं. बल्बाकडे पाठ कर, काय दिसतं? मृग. ही झाली डिसेंबरची रात्र. मग बल्बाला अर्धा वळसा घालून ती पलीकडे गेली, विंचवाच्या भिंतीकडे. बल्बाकडे पाठ केली की विंचू. आता बल्बाकडे तोंड कर. तिनं डोळे बारीक केले. बल्बाच्या मागे, उजेडात बुडालेला, खडूचा मृग.

"सूर्य मृगमा बसना शे," ती म्हणाली.

मृग लागला म्हणजे सूर्य मृगशीर्षात आला. तो दिसेनासा होतो तेव्हा पेरणी असते. माझ्या आबांना चाळीस-पन्नास मृग पाठ आहेत आणि त्यांतला एकही त्यांनी मृग नक्षत्राच्या दिवसांत डोळ्यांनी पाहिलेला नाही. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "पाऊस दिसना म्हणजे झालं."

बाकी आज फार काही झालं नाही. चष्मिसच्या पेन्सिलीचा तारा रोहिणीकडे सरकलाय. त्याला आता स्वतःलाच शंका आहे की तो तारा नसावा.

१२ जानेवारी २०२५, रविवार

छापील नकाशा बाद केला. तो युरोपातल्या अक्षांशाचा निघाला, ध्रुव निम्म्या आभाळावर चढवलेला आणि दक्षिणेचे तारे कापलेले. आपल्या गावाचा आपणच करायचा.

केळीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा, मध्ये ध्रुव, एक अंशाला एक मिलीमीटर. उत्तर क्षितिज मधापासून २१ मिलीमीटर, पूर्व आणि पश्चिम बिंदू ९०, दक्षिण क्षितिज १५९. एवढे आकडे मिळाले की खिडकी काढता येते. फक्त ठळक साठ तारे मांडले. नवशिक्याला हजार तारे दिले की तो हरवतो. मला तर वाटतं, साठही जास्त झाले.

एक खोड पकडली ती लंबूनं. चकती जुळवली की सगळं अर्ध्या तासानं पुढे दाखवते. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचं, म्हणजे साडेब्याऐंशी रेखांशाचं. आपण ७५.३ वर. अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपली खरी वेळ २९ मिनिटं मागे. चकतीवर लाल शाईनं लिहिलं: "घड्याळातून अर्धा तास वजा."

१८ जानेवारी २०२५, शनिवार

व्हॉट्सॲपवर "सर्व ग्रह एका रांगेत, शेकडो वर्षांत एकदा" असा मेसेज फिरतोय. दुकानात गिऱ्हाईकंही विचारतात, त्यांतल्या एकानं तर भूकंप होणार का म्हणून विचारलं.

रांग दिसते, त्यात खोटं काही नाही. पश्चिमेला शुक्र, त्याच्या खाली दोन करंगळ्यांवर शनी. डोक्याशी रोहिणीजवळ गुरू, हाच चष्मिसचा तारा. पूर्वेला पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ तांबडा मंगळ. पोरांना नायलॉनची दोरी दिली, दोन टोकं दोघांनी धरून आभाळावर ताणा म्हटलं. चारही दोरीवर बसले. पण बसणारच. सगळे ग्रह सूर्याभोवती जवळपास एकाच पातळीत फिरतात, त्यामुळे ते कधीही बघा, त्याच वाटेवर सापडतात, सूर्य आणि चंद्रही त्याच वाटेचे. चौघं एकाच संध्याकाळी हजर असणं ही मौज, बाकी रांग रोजचीच.

मला यातून कामाची गोष्ट मिळाली. नकाशात नसलेला ठळक ठिपका दिसला आणि तो या दोरीवर असेल, तर तो ग्रह. दोरीवर नसेल आणि लुकलुकत असेल, तर आपण चकती चुकीची धरली आहे.

दुर्बीण खांबाला टेकवून गुरूचे चंद्र पाहिले. तिघांना तीन दिसले, बारकीला चार. हात हलला की सगळं जातं.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

क्रूझर करून पाटणादेवीला गेलो. पोरांना माकडं आणि धबधब्याची जागा बघायची होती, मला शिलालेख.

चाळीसगावच्या नैऋत्येला, सातमाळ्याच्या कुशीत. याच खानदेशात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, आणि त्याला शके ११२८ म्हणजे सन १२०७ मध्ये चंद्रग्रहणाच्या दिवशी देणगी मिळाली, असं त्या लेखात आहे. १९व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. बहुतेक संस्कृत, शेवटचा भाग जुन्या मराठीत. भास्कराचार्यांचं गाव नेमकं कोणतं यावर विद्वान भांडतात, त्यात मी पडलो नाही. पण आठशे वर्षांपूर्वी इथे पोरं बसून ग्रहांची गणितं करत होती हे पक्कं. लंबूनं विचारलं, "त्यांना घड्याळ नसताना अर्धा तास वजा कोण करायचं?" कोणालाच करावा लागत नव्हता. सूर्य डोक्यावर आला की बारा, ज्याच्या त्याच्या गावात.

परतताना क्रूझरमध्ये सगळे झोपले. चष्मिस जागा होता. गुरू आता रोहिणीच्या वर बरोबर तीन बोटांवर. नोव्हेंबरच्या शेवटी पाऊण मूठ होता, मग मागे मागे सरकत आला, आणि गेला आठवडाभर जागेवरच थांबलाय. वक्री, मार्गी हे शब्द पोरानं पत्रिकेत ऐकले होते. आता त्याच्या वहीत पेन्सिलीचे नऊ ठिपके आहेत.

२२ फेब्रुवारी २०२५, शनिवार

आज एकच तारा. अगस्त्य.

व्याधानंतर रात्रीच्या आभाळातला सगळ्यात तेजस्वी तारा, आणि त्या छापील नकाशात तो नव्हताच. आमच्या चकतीप्रमाणे पावणेनऊला नेमका दक्षिणेला, क्षितिजापासून १६ अंश, म्हणजे दीड मूठ. दक्षिणेला धुळीचा पट्टा आणि एका ट्रॅक्टरचे दिवे. ट्रॅक्टर जाईपर्यंत थांबलो. मग दीड मुठीवर तो होता, खालच्या धुळीमुळे जरा पिवळट.

साठ तारे हातानं मांडलेल्या, केळीच्या खोक्याच्या चकतीनं सांगितलेल्या जागी. मी दोन वेळा मूठ मोजली.

२६ फेब्रुवारी २०२५, बुधवार

महाशिवरात्र. महादेवाच्या देवळात जागरण, नंतर पोरं आणि काही म्हाताऱ्या खळ्यावर. मध्यरात्री सप्तर्षी ईशान्येला पूर्ण वर. नोव्हेंबरात ज्यांच्यासाठी लंबू बांधावर चढला होता, ते आता न शोधता दिसतात. पुलह आणि क्रतू यांची रेष पाचपट वाढवली की ध्रुव.

मी क्रतू, पुलह, पुलस्त्य अशी नावं घेत होतो. माझी मोठी माय मागून म्हणाली, "हाई म्हातारीनी खाट शे. या तीन चोर शेतस." चौकोन म्हणजे खाट, वाकलेले तिघं म्हणजे खाट पळवायला आलेले चोर. आणि ती खाट कशी वळते त्यावरून तरणी असताना ती दळायला उठायची. मधल्या चोराच्या शेजारची बारीक चांदणी? ती अरुंधती, लग्नात भटजींनी दाखवली होती, तिनं तेव्हा "दिसली" म्हटलं होतं, दिसली नव्हती. आज दुर्बिणीतून पाहिली. ब्याऐंशीव्या वर्षी.

पोरांनी चकतीवर सप्तर्षी खोडून "खाट" लिहिलं. मी आडवलं नाही. सात नावांपेक्षा खाट लवकर सापडते.

२९ मार्च २०२५, शनिवार

परीक्षा, उन्हाळा, तीनच पोरं. शेतीची लाईट या आठवड्यात रात्रीची, आबा दोनला मोटार सुरू करायला जातात. पहाटे तीनला विंचू कुठे असतो ते त्यांना बघायला चकती दिली होती. सकाळी परत करताना म्हणाले, "हाऊ विंचू सुजना शे."

सुजलेलाच आहे. ध्रुव मधोमध धरून सगळं आभाळ सपाट केलं की दक्षिणेचे तारे आडवे ताणले जातात. विंचवाच्या शेपटीपाशी हे ताणणं जवळपास तिप्पट. आपण जितके दक्षिणेला तितकी ही खोड जास्त टोचते. उपाय: चकतीच्या मागे दक्षिणेचा वेगळा, चौकोनी नकाशा. काढला. आबांना अजून दाखवायचाय.

३० एप्रिल २०२५, बुधवार

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. लिंबाला झोके, घरोघरी माहेरवाशिणी. बहीण सुरतहून आली आहे. जेवणानंतर ती आणि तिच्या दोन मैत्रिणी खळ्यावर आल्या. मी बोललोच नाही, बारकीला पुढे केलं.

तिनं माझं भाषण केलं नाही. आधी सातपुडा दाखवला. मग मूठ मोजायला लावली. मग पश्चिमेला चंद्राची कोर आणि तिच्याजवळचा गुरू: "हाऊ तारा नही. हाऊ दोरीवरना." मग खाट, खाटेच्या चोरांचा बाक तसाच पुढे ओढत नेला की केशरी स्वाती, आणखी पुढे पांढरी चित्रा. "आते चैत्र संपना, म्हणून चित्रा." तिघींना पंधरा मिनिटांत पाच ठिकाणं सापडली, उताणं झोपून. बहीण म्हणाली, सुरतेत खिडकीतून एकच चांदणी दिसते, ती रोज बघते, नाव माहीत नाही. बारकीनं विचारलं, खिडकी कोणत्या दिशेला? किती मुठी वर? किती वाजता? बहिणीला सांगता येईना. जाताना तिला एक चकती दिली. सुरतेचा अक्षांश आपल्याएवढाच, नुसतं "अर्धा तास वजा" खोडून "चाळीस मिनिटं" केलं.

८ जून २०२५, रविवार

मृग लागला. आभाळात विरळ ढग, जमीन तापलेली, दुकानात लॅटरलच्या बंडलांची गर्दी. दुपारी साडेबाराला बारकी चकती घेऊन आली. खांबाची सावली खांबाच्या बुडातच गोळा झाली होती.

तिनं ८ जून जुळवला, अर्धा तास वजा केला आणि शेडच्या पत्र्याखालीच उभी राहिली, सूर्याकडे बघायचं नाही हे तिला ठाऊक आहे. पत्र्याच्या कडेपलीकडे हात लांब केला आणि डोक्यावरच्या सूर्यापासून दक्षिणेकडे मुठी मोजल्या. एक, दोन, अर्धी. निळ्या, रिकाम्या आभाळाकडे बोट केलं.

"भाऊ, मृग तठे शे."

गिऱ्हाईकानं वर बघितलं, मग माझ्याकडे. मी त्याचं बंडल मोजत होतो.